युरेनसचा वास

"सर, सगळ्यात घाण वास कोणत्या ग्रहावर येतो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून घुमी उभी राहिली. एरवी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही तिचा आवाज बसायचा; म्हणून तर हे नाव पडलं होतं. सभागृहात हशा पिकला. ग्रहांच्या ढगांवर बोलायला वेधशाळेतून आलेल्या सरांनी मात्र चष्मा काढला आणि ते म्हणाले, "चला, एक तरी कामाचा प्रश्न आला! युरेनस. त्याच्या वरच्या ढगांत हायड्रोजन सल्फाइड असतो. म्हणजे कुजकी अंडी. अर्थात तिथल्या थंडीत वास घ्यायला तुझं नाक जागेवर राहणार नाही."

टाळ्या पडल्या. पैजेचं चॉकलेट तिने तिथेच मटकावलं. पण त्या दिवशी घुमीला जे तोंड फुटलं, ते काही मिटेना. गुरूवरचं वादळ अख्खी पृथ्वी गिळेल एवढं आहे, हे फळवाल्याला कळलं. शुक्रावर ॲसिडचे ढग असतात, हे दातांच्या डॉक्टरांना कळलं, तेही घुमीच्या तोंडात त्यांचा आरसा असताना. विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनात तिला एक अख्खं टेबल देऊन टाकलं. "पण नुसता तक्ता टांगू नकोस हं. लोक थांबले पाहिजेत."

लोक थांबतील अशी युक्ती घुमीकडे तयार होती. तिने दोन अंडी काचेच्या बरणीत फोडली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी बाथरूमवरच्या माळ्यावर जुन्या सुटकेसमागे दडवली. प्रदर्शनात झाकण उघडायचं: या, युरेनसचा ढग हुंगा! काही दिवसांनी तिच्या मनात आलं, आत वायू साठून बरणी फुटली तर? मग पूर्ण शास्त्रीय विचार करून तिने झाकण जरासं सैल केलं.

इथून घरातलं वातावरण बदललं.

आई शिवणयंत्रावरून उठली. "काहीतरी कुजलंय." तिने बाथरूममध्ये फिनेलची बाटली उपडी केली. आता घराला फिनेल घातलेल्या कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला. मापाला आलेली बाई टाचण्या लावलेल्या कोटासकट जिना उतरून गेली.

"उंदीर," बाबांनी निदान केलं. "शंभर टक्के मेलेला उंदीर." कपाट सरकलं, फ्रिज सरकला, बाबांची कंबर सरकली. उंदीर काही निघाला नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकू पदर नाकाला लावून वर आल्या. "अहो, काय मेलंय तुमच्याकडे?"

"आमच्याकडे सगळे जिवंत आहेत!" आई म्हणाली.

"मग एकदा मोजून घ्या."

घुमी दर वेळी सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची. आत्ता सांगितलं तर बरणी कचऱ्यात जाणार. टेबल रिकामं. लोक पुढे निघून जाणार, आणि आपण परत जुनी घुमी. ती मुकाट बसून राहिली.

"बघा, वासाने पोरीची वाचाच गेली," आई हळहळली. "उद्या तिचं प्रदर्शन आहे हो. आजच्या आज प्लंबर बोलवा."

प्लंबर आला. कमरेवर हात ठेवून त्याने बाथरूमच्या जमिनीकडे असं पाहिलं, की जणू तिच्याशी त्याचं जुनं वैर होतं. "पाइप आतून तुंबलाय. लादी काढायला लागेल."

"काढा," बाबा म्हणाले.

लादी निघाली. खाली पाइप ठणठणीत.

"मग हिच्या शेजारच्या लादीखाली असणार."

तीही निघाली. घुमीने माळ्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि ओठ दाताखाली धरले. प्लंबरने तिसऱ्या लादीला छिन्नी लावली. बाबा शेजारी उभे राहून त्याला शिकवू लागले. "हा मिथेन बरं का. गटारात तयार होतो. मिथेनचा वास असाच, कुजक्या अंड्यांसारखा."

घुमीने तिसरी लादी सोसली असती. चौथीही सोसली असती. पण हे काही सोसवेना.

"मिथेनला वास नसतो, बाबा! मिथेनमुळे युरेनस निळा-हिरवा दिसतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे!"

छिन्नी थांबली.

"तुला गं काय माहीत?" बाबा जरा दुखावले.

"माहीत म्हणजे? मी स्वतः तर..."

"तू स्वतः काय?" आईने विचारलं.

घुमीने माळ्याकडे बोट दाखवलं.

प्लंबरने बरणी खाली काढली, हात होईल तेवढा लांब करून ती बाहेर नेली आणि परत येऊन हत्यारं पिशवीत भरली. बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. "अगं, आधी सांगायचंस ना!"

"सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही उंदीर म्हणालात."

"आता गुपचूप तक्ता घेऊन जा उद्या," आई म्हणाली. "घरात पुन्हा कुठलाही ग्रह आणलास तर बघ."

संध्याकाळी घुमी कोऱ्या तक्त्यासमोर गाल फुगवून बसली. तक्त्यावर वास काढायचा तरी कसा? बाबांना दया आली.

"अगं, शब्दांत सांग की. त्यात काय! मी आता तासभर बोलू शकतो त्या वासावर. आधी तो चोरासारखा येतो. वाटतं, भास असेल. मग घशात मुक्काम करतो. मग जेवताना ताटात येऊन बसतो..."

"मग उशीत शिरतो," आई म्हणाली. "आणि सकाळी आपल्या आधी उठतो! शी, शी, शी!" तिने नाक, भुवया, हनुवटी सगळं एकाच जागी गोळा केलं. चेहरा इतका अस्सल जमला, की घुमीने नकळत श्वास रोखला.

मग ती ताडकन उभी राहिली.

"ठरलं! उद्या माझ्या टेबलाशी तुम्ही दोघं उभं राहायचं. बाबा, तुम्ही बोलायचं. आई, तू फक्त तोंड वाकडं करायचं. तक्ते सगळ्यांकडेच असतील. युरेनसचा ढग हुंगून परत आलेली माणसं फक्त माझ्याकडे आहेत!"