रावजीकाका आणि माझा उघडा हात

रावजीकाका माणसाच्या पाठीमागे येऊन वेफर्सचं फुगवलेलं पाकीट फोडायचे. आपण दचकलो की आपल्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचे. साठीचा माणूस, आणि धंदा हा! जव्हारच्या स्टँडवर त्यांनी एकदा एका अनोळखी कंडक्टरच्या मागे पाकीट फोडलं. त्याने तिकिटांचं मशीन छातीशी गच्च आवळलं आणि मग काकांचा यथेच्छ उद्धार केला. काका समाधानाने म्हणाले, "मिटणारा हाय."

त्यांच्या मते जगात दोनच जाती. घाबरल्यावर ज्यांचा हात मिटतो त्या लोकांची एक, ज्यांचा उघडतो त्यांची दुसरी. हे ज्ञान ठाण्याचं. तिथे त्यांनी कैक वर्षं दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसल्या होत्या. मग ते दाभोशाला आपल्या घरी परतले आणि आमच्या तावडीत सापडले.

आम्ही म्हणजे जव्हारची पाचसहा हौशी मंडळी. दाभोशाच्या धबधब्याशेजारच्या कड्यावरून पर्यटकांना दोराने खाली उतरवतो. मी एरवी शाळेत भूगोल शिकवतो, रविवारी हाफपँट घालून पुढारी होतो. दोर आणि सामान तपासायचं काम काकांकडे.

यंदा नवे डिसेंडर घ्यायचे होते. डिसेंडर म्हणजे कमरेला अडकवायचं हातभर नव्हे, पंजाभर धातूचं यंत्र. दोर त्यातून घासत जातो आणि माणूस बेताबेताने खाली येतो. मला आठच्या आकड्यासारखी साधी कडी हवी होती. हलकी, सुटसुटीत, आणि खरं सांगायचं तर फोटोत रुबाबदार. काकांचा प्रश्न एकच, ठाण्याच्या मुकादमाकडून उचललेला: "हाथ छूटा तो?"

कडीवर हात सुटला तर माणूस खाली. काकांना दांडीवालं यंत्र हवं होतं. दांडी बेताने ओढली तर दोर सुटतो, सोडली तर जागच्या जागी थांबतो.

"आणि घाबरून दांडी गच्च आवळली तर?" मी वकिली केली.

"तरी थांबतं. नीट बघूनच निवडला हाय. उघडणारा काय, मिटणारा काय, दोघंबी घरी जातात."

एवढं बोलून ते आणखी चहा आणायला गेले असं मला वाटलं. ते माझ्या मागे गेले होते. पाकीट फुटलं. माझ्या हातातला चहाचा ग्लास उडून समोरच्याच्या मांडीवर सांडला आणि माझे दोन्ही पंजे आशीर्वाद दिल्यासारखे हवेत राहिले. सगळे पोट धरून हसले. काका हसले नाहीत. त्यांनी दांडीवालं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. "गुरुजी, तुमाला हेच."

मला भयंकर राग आला. भूगोलाच्या मास्तराला हा माणूस भित्रा ठरवतो म्हणजे काय!

पुढच्या रविवारी त्याच दांडीवाल्या यंत्राची चाचणी होती. मी ऐटीत उतरायला लागलो. निम्म्या कड्यावर शेवाळावरून पाय सटकला आणि माझे दोन्ही हात उघडले. पुरते उघडले. यंत्र खटकन थांबलं आणि मी वाळत घातलेल्या लेंग्यासारखा लटकत राहिलो. वरून मंडळी वाकून बघत होती. दांडी ओढून मला खाली जाता आलं असतं. पण मी ओरडलो, "यंत्र अडकलंय!"

काका कड्यावर पालथे पडून बघत होते. माझे हात त्यांनी स्वच्छ पाहिले होते. तरी म्हणाले, "हां, अडकला असंल. माझीच चूक. नीट तपासाया पायजे होता."

त्याच संध्याकाळी ठरलं की सगळ्यांसाठी कडीच घ्यायची आणि काकांनी आता आराम करायचा. काकांनी सामानाची पिशवी झटकून माझ्या हातात दिली. मी ती घेतली. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. हात उघडतात, तोंड उघडत नाही, असा मी माणूस. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

नव्या कड्या आल्या. पुढच्या रविवारी त्यांच्यावर पहिले पर्यटक उतरणार होते. त्यांतल्या एकाचा हात माझ्यासारखाच उघडला तर, या विचाराने मला घास जाईना. शनिवारी मी काकांच्या घरी गेलो. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. त्यांनी कोरा चहा दिला. "तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं. खरं तर हा प्रश्न त्यांनी मला विचारायला हवा होता.

"ठाण्याला माझा पण हात सुटला होता," ते म्हणाले. "वाचलो. खालचं सगळं लोक हसलं. तवापासून मी दोरावर गेलो नाय. दुसऱ्यांचाच दोर तपासतो. तुमाला पण हसलं असतं, मंग तुमी पण गेलं नसतं."

मला त्यांच्याकडे बघवेना.

रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच कड्यावर नेलं आणि पर्यटकांसकट सगळ्यांसमोर सांगितलं. यंत्र अडकलं नव्हतं, माझे हात सुटले होते, काकांमुळे मी जिवंत आहे, आणि आज कडीवर कुणीही उतरणार नाही. कुणीतरी हसलंच. कान तापले, पण सांगून झालं.

काकांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून दांडीवालं यंत्र काढलं आणि मुकाट्याने स्वतःच्या कमरेला लावलं. "आज पयला मीच जातो."

मग त्यांनी एक जादा दोरही बांधला; आम्ही आजवर तो कंटाळ्याने टाळत आलो होतो. झाडाला वेढा देऊन तो वरून कुणीतरी धरायचा असतो. तो धरायला दोघे धडधाकट गडी पुढे झाले. काकांनी तो माझ्या हातात दिला.

"काका, आत्ताच सांगितलं ना मी, माझा हात..."

"ऐकला की. धरा."

ते कड्याखाली दिसेनासे झाले. मी दोर हात-हात सोडत राहिलो, कुणाकडेही बघितलं नाही. बऱ्याच वेळाने खालून त्यांची हाक आली. शेजारचे म्हणाले, "गुरुजी, सोडा आता, पोचले ते."

मला मुठी उघडता येईनात.