शीर्षक विरघळलं त्याची गोष्ट

प्राध्यापकांच्या घरात लोणी या विषयावर बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. 'लोणी विरघळलं' असं त्यांची बायको एकदा बोलून गेली, तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवून वीस मिनिटं समजावलं होतं, की साखर पाण्यात विरघळते, लोणी उष्णतेनं वितळतं, आणि ज्याला या दोहोंतला फरक कळत नाही त्याला मत देण्याचा अधिकार कसा मिळतो हेच एक कोडं आहे. तेव्हापासून ती लोण्याबद्दल नुसतं 'झालं' म्हणायची. खरं तर तिला आधीच सावध होता आलं असतं. लग्नाआधी तिनं लिहिलं होतं, 'तुमचं पत्र वाचून मन अगदी विरघळलं.' उलट टपाली एका शब्दाचं उत्तर आलं होतं : 'कशात?'

निवृत्तीनंतर मात्र त्यांची पंचाईत झाली. वर्गात साठ डोकी हजेरीच्या धाकानं बसून राहत. बाहेर माणसं उठून जातात. शेजारी एकदा बर्फ विरघळला म्हणाला, आणि त्यानंतर तो जिन्यात भेटला की मोबाइल कानाला लावू लागला. म्हणून वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा प्राध्यापकांनी विषय तिथल्या तिथे सांगून टाकला : 'विरघळणे आणि वितळणे'. दोन महिने खपून बेचाळीस पानं लिहिली. त्यातली अकरा विषयावर होती, बाकीची लोकांच्या अडाणीपणावर.

व्याख्यानाच्या दिवशी ते तासभर आधीच सभागृहात हजर झाले. व्यासपीठामागच्या फिक्या पडद्यावर एक कारागीर थर्माकोलची कापलेली अक्षरं लावत होता. दुकानांच्या पाट्या, समारंभांची नावं, असली कामं तो करायचा; सगळे त्याला अक्षरवाला म्हणत. अक्षरं सुबक होती, पण पांढरी होती. शेवटच्या रांगेतून काही दिसत नाही, अशी तक्रार प्राध्यापकांनी केली. अक्षरवाला म्हणाला, बाईंनी पांढरीच सांगितली होती, पण हवं तर पाण्यातला रंग आणून ब्रशनं मारतो, पाऊण तास लागेल. पाऊण तास प्राध्यापकांकडे नव्हता. घराचं फाटक रंगवून उरलेला काळ्या स्प्रेचा डबा मात्र त्यांच्या स्कूटरच्या डिकीत होता. तो ते घेऊन आले.

डबा पाहून अक्षरवाला शिडीवरून खाली उतरला.

"सर, हा नका मारू. यानं थर्माकोल विरघळतं."

प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दोन महिने कागदावर ज्या माणसाला झोडपलं, तो सदेह समोर उभा होता.

"विरघळत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला वितळतं म्हणायचंय. आणि वितळायला उष्णता लागते. इथं कुठं आहे उष्णता?"

"उष्णता नाही, पण या रंगात थिनर—"

"आजचं व्याख्यान तुमच्यासारख्यांसाठीच आहे. पुढच्या रांगेत बसा."

अक्षरवाल्यानं ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. बाई एवढंच म्हणाल्या, की सरांनी हा विषय पस्तीस वर्षं शिकवलाय. मग अक्षरवाला शिडी घेऊन बाजूला झाला.

प्राध्यापकांनी पहिल्या शब्दावर झोकात फवारा मारला. अक्षरं काळीभोर उठून दिसली, ती मोजून दहा सेकंद. मग 'वि'च्या पोटाला खळी पडली. 'र' मान टाकल्यासारखा वाकला. थर कमी पडला असावा असं ठरवून प्राध्यापकांनी दुसरा हात मारला, तसा 'घ' बसला तो बसलाच. 'ळ' खाली यायला लागला म्हणून ते त्याला धरायला धावले. अक्षर हातात आलं, पण अक्षर म्हणून नाही. काकवीसारखा काळा, चिकट लगदा म्हणून. तो त्यांनी कोटाला पुसला. कोट पुसायला दुसरा हात घातला, तोही भरला. आणि मग, निदान भाषण तरी वाचवावं म्हणून, दोन्ही हातांनी टेबलावरची बेचाळीस पानं उचलली.

पानं पुन्हा सुटी झाली नाहीत.

एवढ्यात माणसं येऊन बसायला लागली. पडद्यावर आता 'आणि वितळणे' एवढंच उरलं होतं, त्याच्या आधी काळे ओघळ. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सहज विचारलं, काय हो, काय झालं त्या अक्षरांचं?

प्राध्यापक बोलायला उभे राहिले. वितळलं म्हणावं तर धडधडीत खोटं. खरा शब्द अगदी ओठावर होता, पण तो नुकताच एक पाट्या करणारा माणूस बोलून गेला होता. हजेरीचा धाक नसताना पहिल्यांदाच समोर भरलेलं सभागृह होतं, कुणी उठून जात नव्हतं, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांची बायको तिसऱ्या रांगेत होती. ती डोळे मिटून बसली.

ग्रंथपालबाईंना कार्यक्रम पार पाडायचा होता. त्यांनी अक्षरवाल्यालाच पुढे बोलावलं.

त्यानं आपलं सामान टेबलावर मांडलं. कापायची तार तापवून थर्माकोलच्या तुकड्यातून फिरवली. "हे वितळलं. उष्णतेनं. गार झालं की तिथंच घट्ट होतं, बघा." मग दुसरा तुकडा थिनरच्या वाटीत टाकला. तो फसफसून दिसेनासा झाला. "हे विरघळलं. गेलं नाही कुठं, याच वाटीत आहे. थिनर उडून गेलं की तळाला पापुद्रा मिळेल." बारा मिनिटांत त्याचं आटोपलं. आजी म्हणाल्या, इतकं सोपं आहे होय हे. टाळ्या पडल्या.

प्राध्यापक कोपऱ्यातल्या खुर्चीत काळे हात मांडीवर पालथे घालून बसले होते. तो चुकेल याची त्यांनी अकराव्या मिनिटापर्यंत वाट पाहिली. बाराव्या मिनिटाला त्यांना जाणवलं, की आपण मान डोलावतो आहोत.

घरी आल्यावर रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा त्यांच्या हातावर घासताना बायकोनं सांगितलं, की मघाशी डोळे मिटले होते ते हसू आवरेना म्हणून. त्यांनी दुसरा हात पुढे केला.

पुढच्या आठवड्यात ते व्याख्यान नव्यानं लिहून अक्षरवाल्याच्या दुकानात गेले. जरा नजरेखालून घाला, एवढंच म्हणाले. अक्षरवाल्यानं तार बंद केली, हात झटकले आणि पहिलं पान सावकाश वाचलं. 'अडाणी' या शब्दापाशी तो थांबला.

"सर, आम्ही एकेक अक्षर हातानं कापतो. त्यामुळं शब्द लावताना दहादा विचार करायची सवय लागते," तो म्हणाला. "एवढं सगळं लागेल का?"

प्राध्यापकांनी बाक पुढे ओढून घेतला आणि खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.