कान्याने केलेली हजामत

पडद्यावर रकाने सरळ उभे करायला अक्कल लागते, आणि ती जगात फार थोड्यांकडे असते. त्या थोड्यांत मी आहे, असं माझं ठाम मत होतं!

माझी वहिनी जनावरांची डॉक्टर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत कुत्र्या-मांजरांचे केस आणि नखंही कापून मिळतात. ते काम एक काका करतात. त्यांच्यासाठी वहिनी फळ्यावर खडूने यादी लिहायची. खडूने! मला ते बघवेना.

"वहिनी, कॉम्प्युटरवर यादी करून देतो."

"रंगीत चित्रंबित्रं नकोत हं, भावजी."

"चित्रं अडाण्यांना लागतात! मी टर्मिनलमध्ये करणार."

टर्मिनल म्हणजे निव्वळ अक्षरांची काळी खिडकी. गणिताच्या वहीसारखे चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. डावीकडे एक चौकोन मोकळा, मग जनावराचं नाव, मग मालकाचा फोन, आणि पार उजव्या कडेला एका अक्षरात काम. 'न' म्हणजे नखं, 'भ' म्हणजे भादरणे. त्या कडेला मात्र एक चौकोनही वाया घालवला नाही!

दादा मध्येच म्हणाला, "काना-वेलांट्या नीट बसतील ना रे?"

दादा विमा विकतो. त्याने विमाच विकावा.

"काना अक्षराला लोंबकळतो, दादा. त्याला वेगळी जागा कशाला?"

मी कमल, पवन, गगन, मदन अशी नावं घालून तपासलं. रकाने असे ताठ, की कवायतीला उभे करावेत!

पहिल्याच दिवशी भोपू आला. कुत्रा कसला, पिसवांनी भरलेली जुनी गादीच! त्याला भादरायचं होतं. त्याच्यामागून मखमल आली. निवृत्त न्यायाधीशांची पांढरीशुभ्र मांजर, पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाला जाणारी. तिची फक्त नखं.

तासाभराने काका तिला बाहेर घेऊन आले. सोललेला बटाटा!

"हा उंदीर कोणाचा?" न्यायाधीशांनी वर्तमानपत्र खाली करत विचारलं.

उंदीर त्यांच्याकडे बघून म्यांव म्हणाला.

"काका! काय केलंत हे?" वहिनी किंचाळली.

"पडद्यावर होतं तेच केलं! भोपूपुढे काहीच नव्हतं, म्हणून त्याला नुसता विंचरला. मांजरीच्या ओळीत 'भ' पण आणि 'न' पण. म्हटलं, मोठ्या घरची मांजर, दोन्ही हवं असेल."

मी पडद्याकडे धावलो. 'भो'मधल्या कान्याला टर्मिनलने चक्क स्वतंत्र चौकोन दिला होता! माझ्या प्रोग्रामने तो मोजलाच नव्हता. ओळ एका चौकोनाने लांबली, कडेच्या 'भ'ला धक्का बसला, आणि तो खालच्या ओळीच्या मोकळ्या चौकोनात, थेट मखमलच्या नावाआधी जाऊन बसला. आणि मी तपासलेली नावं? एकालाही काना नव्हता!

तरी माझं तोंड चालूच. "त्याचं असं आहे साहेब, कान्याला किती जागा द्यायची यावर टर्मिनल बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. कोणी शून्य देतो, कोणी एक..."

"माझ्याकडे एक मांजर होती," ते म्हणाले. "आता अर्धीच उरली आहे."

"माझी चूक नाही हो, टर्मिनलची..."

"हिला या अवस्थेत घरी नेलं तर बायको मला भादरेल! केस येईपर्यंत ही तुमच्याकडे."

मंजूर आहे का, हे मला कोणी विचारलं नाही.

सध्या मखमल माझा चांगला स्वेटर घालून माझ्याच खुर्चीत झोपते. काल मी प्रोग्राम दुरुस्त करत होतो. कान्याला जागा दिली, तर दवाखान्यातले रकाने सरळ आणि माझ्या लॅपटॉपवरचे वाकडे! वैतागून पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात मखमल कीबोर्डवर जाऊन बसली. वहिनी तिला तपासायला आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत नुसते 'क'च 'क', एकाखाली एक!

"भावजी," वहिनी म्हणाली, "हिला विचारा ना. हिचं बघा किती सरळ आलंय!"