खताचा ड्रम आणि खालच्या बाई

"आजपासून या घरातून कचऱ्याचा एक कणही बाहेर जाणार नाही!" विमा कचेरीतल्या हेडक्लार्कनं रविवारी सकाळी जाहीर केलं आणि मागच्या गॅलरीत एक जुना निळा ड्रम आणून बसवला. सालं, देठं, चहाचा चोथा, उरलंसुरलं, सगळं त्यात टाकायचं. दोन महिन्यांत काळंभोर खत तयार!

न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बायकोनं ड्रमकडे बघितलं. "अहो, यात मधेमधे कोरडा पालाही घालावा लागतो म्हणे."

"तीन लेख वाचलेत मी!"

विषय संपला.

तिसऱ्या आठवड्यात वास सुटला. साधासुधा नव्हे! जिन्यात भेटायचा आणि हात धरून दारापर्यंत सोडायला यायचा.

"तो ड्रम बघा एकदा," बायको नाक दाबून म्हणाली.

"झाकण घट्ट आहे! खालून येतोय वास. बाईंच्या बाथरूमचा पाइप तुंबलाय."

खालच्या मजल्यावर बाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. रोज दुपारी चार-पाच मुलींना गणित शिकवायच्या, तेवढीच घरात जाग. हेडक्लार्क खाली गेला आणि शक्य तितक्या सौम्यपणे, म्हणजे अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, तुमच्याकडून फार घाण वास येतोय!"

बाईंचा चेहरा उतरला. "हो का? मागच्या आजारपणापासून मला कसलाच वास येत नाही हो. पण तुम्ही म्हणता म्हणजे असणारच."

त्या दिवसापासून बाई तीन-तीनदा फरशी धुऊ लागल्या. मुलींना 'सध्या येऊ नका' म्हणून कळवलं. जिन्यात कुणी दिसलं की भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. वास मात्र वाढतच चालला! शेवटी हेडक्लार्कनं इमारतीच्या सेक्रेटरीला दोन पानी अर्ज दिला. सुवाच्य अक्षरात, 'बेजबाबदार' या शब्दाखाली दुहेरी रेघ मारून.

सेक्रेटरी प्लंबरला घेऊन आला. हेडक्लार्क रजा टाकून देखरेखीला हजर! "अजून खोल खणा," असं सांगत त्यानं बाईंच्या बाथरूमची अर्धी फरशी उखडायला लावली. बाई दाराशी मान खाली घालून उभ्या होत्या.

"पाइप तर माझ्या जेवणाच्या ताटापेक्षा स्वच्छ आहे!" प्लंबर म्हणाला.

तेवढ्यात टप्प! त्याच्या टकलावर एक तपकिरी थेंब पडला. त्यानं तो पुसला, बोट नाकाशी नेलं आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"साहेब, हे वरून येतंय."

सगळ्यांनी वर पाहिलं. छताच्या कोपऱ्यात ओला डाग. त्याच्या बरोबर वर हेडक्लार्कची मागची गॅलरी!

सगळे वर गेले. ड्रमचं झाकण खरंच घट्ट होतं. तळाला मात्र वीतभर चीर होती. झाकण उघडलं तसा सेक्रेटरी तीन-तीन पायऱ्या उतरत पळाला.

हेडक्लार्क एकटाच खाली गेला.

"बाई, तो वास... माझा होता. म्हणजे माझ्या ड्रमचा."

बाईंनी मान वर केली. "म्हणजे माझ्या घराला येत नव्हता?"

"नाही."

बाई फुटक्या फरश्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "मला वाटलं, म्हातारपणी मलाच स्वच्छता जमेनाशी झाली. बरं झालं बाई! मुलींना उद्याच बोलावते."

त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

फरशी बसायला आठ दिवस लागणार होते. त्यामुळे बाई रोज सकाळी आंघोळीला वर यायच्या, नेमक्या हेडक्लार्कच्या वेळेला. तो टॉवेल खांद्यावर टाकून, घड्याळाकडे बघत दाराबाहेर उभा.

"पाणी अगदी बेतानं वापरतेय हो!" आतून बाईंचा आवाज यायचा. "तुम्हाला काही वाया गेलेलं आवडत नाही ना!"

"वापरा हो बाई, हवं तेवढं वापरा!" तो कसाबसा म्हणायचा, आणि बायकोची नजर चुकवत नुसतं तोंड धुऊन ऑफिसला पळायचा.