साळूबाईंची कायम नेमणूक

एका जंगलात, मुलांनो, एक साळू राहत असे. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा.

पोटासाठी तिने काय काय केलं! आधी मालिशचं दुकान टाकलं. पहिलं गिऱ्हाईक गवा. शेवटचंही तोच. मग ती गाद्या शिवू लागली, तर शिवण होईस्तोवर सगळा कापूस बाहेर. मग जत्रेत फुगे विकायला बसली. त्याबद्दल आपण न बोललेलं बरं.

शेवटी शिपायाची जागा तरी मिळते का ते बघायला ती जांभळीखालच्या शाळेत गेली.

शाळेत शिक्षकच नव्हता. बगळे गुरुजी बढती मिळून तळ्यावर गेले, ते गेलेच. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. साळूबाई आत आली. पिल्लांनी काटे पाहिले. वर्ग चिडीचूप.

"नव्या बाई आल्या!" सशाचं पिल्लू कुजबुजलं. सगळी उठून उभी राहिली. "एक साथ नमस्ते!"

आजवर तिला बघून सगळे पळत आले होते, म्हणजे लांब पळत आले होते. कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. साळूबाईला भरून आलं. शिपायाच्या जागेचं विचारायचं ती विसरूनच गेली.

त्या वर्गात अस्वलाचा भुऱ्या होता. तीन वर्षं पहिलीतच. दोनच्या पुढे त्याचं गाडं जाईना. बाईंनी आपले गळलेले काटे त्याच्यापुढे ठेवले.

"मोज."

"टोचतात, बाई."

"मग हळू मोज. घाई कुणाला आहे?"

महिन्याभरात भुऱ्या पोळ्यातल्या माशा मोजून आईला सांगू लागला. आई हात जोडून शाळेत आली. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदाने.

आणि मग आले शाळातपासनीस घोरपडसाहेब.

"तुमची नेमणूक कुणी केली?"

साळूबाईने काटे अंगाशी मिटून घेतले. आता हेही गेलं! "कुणीच नाही, साहेब. पोरं बसलेली दिसली, म्हणून मी उभी राहिले."

साहेबांनी भुऱ्याला उठवलं. भुऱ्याने शंभरपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. साहेबांनी डोळे पुसले.

"अशाच शिक्षिका जंगलाला हव्यात! बाई, आजपासून तुम्ही कायम!"

हार घातला. टाळ्या झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहिलं सरकारी पत्र आलं: जंगलातल्या समस्त मुंग्यांची गणना करावी. नर, मादी, अंडी वेगळी दाखवावीत.

"साहेब, वर्गावर कोण?" बाईंनी विचारलं.

"वर्गाचं बघू हो. तुम्ही आता कायम आहात, वर्ग कुठे पळून जातोय?"

बाई वारुळाशी जाऊन बसल्या. मुंग्या काही एका जागी उभ्या राहीनात. आठव्या दिवशी भुऱ्या तिथे आला.

"बाई, वजाबाकी कधी शिकवणार?"

"चौदा हजार दोनशे... गप रे! चुकवलंस ना!"

बाईंनी डोळे मिटले. मग उघडले.

"एक," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी काहीच जमलं नाही तर खुशाल शिकवायला लागा. फक्त इतकं चांगलं शिकवू नका, की कुणी तुम्हाला शिक्षक नेमेल.