तोंडी परीक्षा आणि मेहुण्याचे ड्रम

हेडक्लार्क व्हायचं तर पदवी हवी, असं साहेब म्हणाले आणि मी या वयात दूरशिक्षणाला नाव नोंदवलं. विषय व्यवस्थापन. (घरात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून मुद्दाम तोच.) धडे मोबाइलवर यायचे आणि तोंडी परीक्षाही मोबाइलवरच. रेकॉर्ड केलेला प्रश्न वाजणार, टिंग झालं की आपण उत्तर बोलायचं, परीक्षक ते नंतर सवडीने ऐकणार. ही परीक्षा हुकली की खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या चोमड्याला, हे ठरलेलंच.

परीक्षा सुरू होणार तोच स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला. हा गोंगाट परीक्षकांच्या कानी जायला नको, म्हणून मी माइकच्या चित्रावर बोट दाबलं. त्यावर लाल काट उमटली. झाला गोंगाट बंद! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी इअरफोन कानांत कोंबले आणि डोळे मिटले.

त्यामुळे मिक्सर थांबवून बायको समोर येऊन बसली, हे मला कळलंच नाही. तिच्या बाजूने संवाद झाला तो असा:

"अहो, माझ्या धाकट्या भावाला घरमालकाने ड्रम वाजवायची बंदी केलीय. काय करायचं हो?"

"नव्या कल्पनेला आधी मोकळी जागा द्यावी," मी ठणकावलं.

"म्हणजे आपल्याकडे? कुठे ठेवायचे?"

"सर्वांच्या नजरेसमोर, मध्यभागी!" (मला विचारलं होतं, कचेरीत सूचनापेटी कुठे ठेवावी.)

"तो रोज वाजवतो हं. चालेल तुम्हाला?"

"सातत्य हवंच. वरिष्ठांनी वेळोवेळी पाठही थोपटावी."

डोळे उघडले तर बायकोच्या डोळ्यांत पाणी. "इतकी वर्षं मी तुम्हाला उगाच खडूस समजले," ती म्हणाली, पण माझ्या कानांत अजून इअरफोनच होते. माझ्या परीक्षेचं टेन्शन बिचारीनेच घेतलं, असं वाटून मलाही भरून आलं.

संध्याकाळी ड्रम आले. मेहुणा गळ्यातच पडला. "दाजी, सख्ख्या बापानेसुद्धा कधी असं म्हटलं नाही!" आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? एवढ्यात मोबाइलवर निरोप आला: 'आपला माइक बंद होता. एकही उत्तर मिळाले नाही. फेरपरीक्षा पुढील आठवड्यात.'

फेरपरीक्षेला मी माइक दहादा तपासला, दार लावून घेतलं, कानांत इअरफोन घातले आणि धडाधड उत्तरं दिली. दाजींना धीर यावा म्हणून मेहुणा दाराबाहेर ड्रम घेऊन बसला होता, हे पुन्हा मला नंतरच कळलं.

परीक्षकांचा शेरा आला: 'उत्तरे ऐकू आली नाहीत. ड्रमवादन उत्कृष्ट.'

बायकोने तो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. सर्वांच्या नजरेसमोर, मध्यभागी.