सुरडकर काका आणि खानदानी लेबलं

सुरडकर काकांच्या घरी गेलं की आधी हात धुवावे लागतात आणि मग त्यांचा वास द्यावा लागतो. काका आलेल्या माणसाच्या बोटांजवळ नाक आणतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

"भजी. परत धुवा, बाई."

"काका, भजी सकाळी खाल्ली होती."

"व्हय, पण कांद्याची होती. कांदा साबणाला दाद देत नाय."

दुसऱ्या खेपेला पास झालं की आतल्या खोलीत प्रवेश. तिथं जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डीच रेकॉर्डी. भजनं नाहीत, नाट्यसंगीत नाही, सिनेमाची गाणी नाहीत. सगळं जाझ आणि रॉक.

मी सिडकोत त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. शाळेत भूगोल शिकवते, म्हणून काकांची मी 'बाई'. काका सत्तरीचे. जन्मभर टुरिस्ट गाडी चालवली. स्टेशनवरून परदेशी पाहुणे घ्यायचे, अजिंठ्याची लेणी दाखवायची, परत आणून सोडायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला असते.

राहायला आले त्याच आठवड्यात मी फोनवर काहीतरी परदेशी संगीत लावून पोळ्या लाटत होते. दार वाजलं. दारात पांढरा सदरा, कानात कापसाचा अत्तराचा बोळा आणि कपाळावर आठ्या.

"बाई, हे काय लावलंय?"

"जाझ आहे," मी जरा ऐटीतच म्हणाले.

"कोणत्या लेबलचं?"

"लेबल कसलं काका? फोनवर आहे."

काकांनी फोनकडं असं पाहिलं की मला फोनचीच दया आली. "म्हंजे बेवारस हाय," ते म्हणाले. "खाली या. हात धुऊन या."

रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला तो गोल कागद म्हणजे लेबल, एवढं मला त्या दिवशी कळलं. काकांसाठी मात्र तो कुळाचा दाखला असतो. स्थळ बघावं तसं ते लेबल बघतात. "हे निळं-पांढरं लेबल बघा. खानदानी! ह्यांच्याकडं वाजवणारे एकमेकाला खेटून बसायचे. घाम ऐकू येतो, बाई, घाम!" नारंगी लेबलाबद्दल त्यांचं मत बरं नाही. "पैशेवाले लोक. वाद्यं लई, दम कमी." एका काळ्या लेबलाला ते नुसतं 'मामलेदार' म्हणतात, कारण त्या कंपनीची प्रत्येक रेकॉर्ड त्यांच्या मते फार वेळ बसवून ठेवते आणि शेवटी काम करत नाही. कलकत्त्याला छापलेल्या प्रती त्यांना लगेच ओळखू येतात म्हणे. "माल त्योच. पण हवा दमट."

आणि वाजवणाऱ्यांबद्दलची मतं! एका पियानोवाल्याची रेकॉर्ड लावून ते एकदम हात वर करून मला थांबवत म्हणाले, "ऐका. इथं चुकला. चुकला का नाय? आता बघा त्यानं काय केलं. चुकलेल्या सुराला जावई करून घेतला! पुढं सगळं गाणं त्याचीच खातिरदारी करतंय." मला चूकही कळली नाही आणि जावईही दिसला नाही, पण हसू मात्र खूप आलं. सॅक्सोफोनवाल्यांचं त्यांना फारसं कौतुक नाही. त्यांचा जीव ड्रमवाल्यावर. कुठलीही रेकॉर्ड लावली की पहिल्या मिनिटात प्रश्न ठरलेला: "मागं कोण वाजवतोय?" पुढं उभा राहून गाणारा कितीही मोठा असो, काका त्याला ओलांडून मागच्या माणसाला भेटायला जातात.

ड्रायव्हर असताना हा छंद त्यांनी पाहुण्यांवरही चालवला. स्टेशनवरच विचारायचे, "जाझ ऑर रॉक?" जाझ म्हणणारा पुढच्या सीटवर. रॉक म्हणणाऱ्याची बॅग टपावर आणि तो मागं. एकदा एका फ्रेंच बाईंनी फुलंब्रीपासून पार सिल्लोडच्या पुढपर्यंत डॅशबोर्डवर बोटं वाजवून त्यांना एक ताल समजावला. समजून घ्यायच्या नादात काका लेण्यांचा फाटा सोडून सरळ पुढं गेले. चुकलेला रस्ता कळला तेव्हा बाई म्हणाल्या, असू दे, आधी हा ताल पुरा करू.

गेल्या वर्षी समोरच्या मैदानात लग्नाचा डीजे दणाणत होता. सगळी कॉलनी काकांकडं आली, तुम्हीच सांगा जाऊन. काका गेले. दहा मिनिटांनी परत आले. आवाज तेवढाच.

"सांगितलं नाही का?"

"सांगितलं. आवाजाला माझी हरकत नाय. मी म्हणलं, लेबल दाखव. त्यानं पेन ड्राइव्ह दाखवला. मग माझंच मन उठलं, निघून आलो."

काकांना रॉकची रेकॉर्ड घरात ठेवावी लागते ती मुश्ताकभाईंमुळं. मुश्ताकभाई सिल्लोडचे मक्याचे व्यापारी. दर गुरुवारी शहरात आले की दुपारी काकांकडं. उंचपुरे, दाढी मेंदीनं लाल, आणि गिटारचा कल्लोळ हा त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या एका आवडत्या अल्बममध्ये एका बाजूला एकच गाणं आहे. काका म्हणतात, "अख्खं पोतंभर कणसं सोलून होतात, ह्याचं गाणं चालूच. रॉकवाल्याला थांबायचं कुठं त्येच कळत नाय."

"और तुम्हारे जाझवालों कू शुरू कब करना वोच नहीं मालूम," मुश्ताकभाई म्हणतात. "आधा घंटा हुआ मियाँ, ये लोगां अब्बी बाजे मिलारे क्या?"

"मिलवत नायत, वाजवतायत!"

"हौ? बोलना था ना पहले."

मग काका चिडून चहा टाकायला जातात आणि तेवढ्यात मुश्ताकभाई आपली रेकॉर्ड लावतात. गेली वीसेक वर्षं असं चालू आहे. एकमेकांच्या एकाही रेकॉर्डला दोघांनी कधी बरं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. एवढा लेबल बघणारा माणूस जुन्या बाजारातून रेकॉर्डी आणायचा त्या पोत्यानं, आत न बघता. फुटक्या, बुरशी आलेल्या, कशाही. आणलं की अंगणात पोतं ओतायचं, लेबलं भराभर बघायची आणि बाजूला टाकायची. एका रविवारी मी विचारलंच, "काका, एवढं चोखंदळ तुम्ही, मग पोतं बघून का घेत नाही?"

"बघून घेतलं तर दुकानदार चांगल्या चांगल्या दाखवतो," काका म्हणाले. "मला पायजे ती त्याला चांगली वाटणार नाय."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील, किसन, सिल्लोडकडच्या खेड्यातले. दिवसा दुसऱ्याच्या शेतात कामाला, आणि एरवी एका शाहिरांच्या जलशात ढोलकीवर. चळवळीची गाणी गावोगाव गात फिरायचे. एकदा शाहिरांना मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं बोलावलं आणि एक रेकॉर्ड काढली. कंपनी पुढं बुडाली. वडील रेकॉर्ड निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी गेले. काका तेव्हा चार वर्षांचे.

"फोटो नाय त्यांचा एकबी," काका म्हणाले. "चेहरा आठवत नाय. आई सांगायची, रेकॉर्डवर ढोलकीवाल्याचं नाव छापत नसतेत, पण शाहिरानं गाता गाता मधी त्यांना नावानं हाक मारलीय. तेवढं हाय त्यांचं, कुठंतरी."

"आणि हे जाझ?"

"ते पोत्यात आलं. फेकायला जीव झाला नाय. लावून बघितलं, तर मागं एक जण वाजवत होता. म्हणलं, ऐकू तर दे."

एवढं बोलून त्यांनी पोतं झटकलं आणि मला, नेहमीसारखं, हात धुवायला पाठवलं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं, एका सोमवारी, मी शाळेतून येत होते तर दारात मुश्ताकभाईंची गाडी. गुरुवार नव्हता. आत गेले तर मुश्ताकभाई उभेच होते, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. अजिंठा गावात एक जुना मंडपवाला गोदाम रिकामं करत होता. लग्नाला, जयंतीला लाउडस्पीकरवर वाजवायच्या रेकॉर्डी त्याच्याकडं पडून होत्या. मुश्ताकभाई मका बघायला ज्या गावी जात, तिथं प्रत्येक मंडपवाल्याला गेली कित्येक वर्षं त्या शाहिरांच्या रेकॉर्डीबद्दल विचारत आले होते. काकांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"लेबल आधा फटेला है," मुश्ताकभाई म्हणाले. "लेकिन शाहीर का नाम पढने में आरा."

काकांनी रुमाल उघडला. जुनी, जाड, लाखेची रेकॉर्ड, कडेला टवका उडालेला. काका लेबलाकडं बघत राहिले. मग मुश्ताकभाईंनीच असल्या जुन्या रेकॉर्डीला लागते ती जाड सुई मशीनला लावली.

पहिली बाजू नुसती खरखरत गेली. शाहिरांचा आवाज पावसाच्या पलीकडून यावा तसा येत होता, मागं ढोलकी. हाक कुठंच आली नाही. मुश्ताकभाईंनी रेकॉर्ड उलटली.

दुसऱ्या बाजूला निम्म्यावर शाहीर थांबले. ढोलकी एकटीच पुढं निघाली, आधी सावकाश, मग अशी उधळली की माझ्या अंगावर काटा आला. आणि तिच्यावरून शाहिरांचा आवाज आला, हसतच: "व्वा रं किसना!"

काका उभे राहिले. घरात मोठं माणूस आल्यावर उठावं तसे, सदरा सारखा करत. मुश्ताकभाई उभेच होते, त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मीही उठले. बाजू संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो.

सुई आत जाऊन फिरत राहिली. ती उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

काकांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मुश्ताकभाईंकडं, आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "चांगला वाजवायचा ना, माझा बाप?"

"लई चांगला," मुश्ताकभाई म्हणाले, मराठीत.